पाटापलीकडचं घरटं

तोडलेल्या फांदीचं टोक तिरकं होतं. जाडी अंगठ्याएवढी. वरच्या बाजूला साल एकदम साफ, खालच्या बाजूला जराशी ओढली जाऊन सोललेली; म्हणजे घाव एकच, वरून खाली. टोकावर चिकाचा थेंब धरला होता. जायफळाचा चीक आधी पाण्यासारखा असतो, मग गुलाबी होतो आणि हवा लागत गेली की वाळलेल्या रक्तासारखा तांबडा. हा थेंब अजून गुलाबी होता. मुंग्यासुद्धा पोचल्या नव्हत्या.

मासूमाचा हात सवयीने गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला आणि तिने तो परत खाली घेतला. याचा फोटो काढून दाखवायचा कोणाला? घाव कोयत्याचा होता, कोयता घरचा होता, आणि या घरात एका घावात फांदी उडवणारा माणूस एकच होता. तिचा धाकटा भाऊ हुझैफा. तो या वेळी लॉजच्या अंगणात पाहुण्यांच्या ताटात घावन वाढत असणार आणि "घ्या ना साहेब, अजून एक, घरचं खोबरं आहे," म्हणत असणार.

एकच फांदी असती तर तिने दात आवळून सोडून दिलं असतं. पण जायफळाची ती सगळी बाजूच त्याने उतरवली होती. फांद्या बुंध्याशी नीट रचून ठेवल्या होत्या, पानं एका दिशेला करून. काम कसं, अगदी मन लावून केलेलं. काल इथे उभं राहिलं की वर नुसता हिरवा अंधार असायचा. आज परातीएवढं आकाश दिसत होतं.

आणि त्या आकाशाच्या बरोबर खाली, शेजारच्या कोकमावर, नाचऱ्याचं घरटं होतं.

नाचरा म्हणजे चिमणीएवढा करडा पक्षी. डोळ्यावर पांढरी भुवई, छातीवर ठिपके, आणि शेपटीचा पंखा सतत उघडमीट करत फांदीवर इकडून तिकडे. एका जागी टिकला तर शपथ. घरटं मात्र तो अतिशय निगुतीने करतो: गवताच्या काड्या कोळ्याच्या जाळ्याने लिंपून केलेली छोटीशी वाटी, खाली शेपटीसारखं लोंबणारं गवत. या वाटीत दोन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पुरती पिसं नाहीत. अशा पिल्लांना स्वतःच्या अंगाची उष्णता सांभाळता येत नाही. एप्रिलचं ऊन थेट अंगावर आलं तर ती फार वेळ टिकत नाहीत. आत्ता ऊन माडांच्या पलीकडे होतं. अकराच्या सुमाराला ते या बाजूला उतरणार होतं.

जायफळाच्या बुंध्याला काथ्याची बारीक दोरी बांधलेली होती. ती मासूमाची खूण. घरट्याच्या झाडाला ती खूण कधीच बांधत नसे. शेजारच्या झाडाला बांधायची. खूण कोणाला दिसली तरी घरटं सापडू नये म्हणून. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मुलांनाही ती हेच शिकवायची. हुझैफाला शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं, असं कधी वाटलंच नव्हतं.

ती पाट ओलांडून घराकडे निघाली.

पाट म्हणजे विहिरीचं पाणी झाडांना नेणारा, एका ढांगेत ओलांडता येईल एवढा चर. त्यांच्या वडिलांनी, सिराजुद्दीन यांनी, शेवटच्या उन्हाळ्यात बायकोला आणि दोन्ही मुलांना घेऊन माडा-जायफळांच्या या वाडीत फेरी मारली होती, पाटावर काठी आडवी धरली होती आणि म्हणाले होते, "अलीकडची हुझैफाची. पलीकडची मासूची." भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक, हिशेब शरियतीचा होता आणि पाटापलीकडे तो बरोबर बसत होता. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या डोलावण्याचा अर्थही सगळ्यांना माहीत होता. बहिणीचा हिस्सा सांगायचा असतो. बहिणीने तो मागायचा नसतो. तो भावाकडेच राहू द्यायचा, आणि भावाने तिला जन्मभर "ये, बस, जेवून जा," म्हणायचं. अम्मीने आपला हिस्सा असाच म्हसळ्याच्या भावांकडे ठेवला होता. त्याच्या बदल्यात दर उन्हाळ्यात आंब्यांची एक पेटी यायची. गेली दोन वर्षं पेटीत वरचा थर आंब्यांचा आणि खालचा पेंढ्याचा असायचा. पण पेटी यायची.

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी मासूमाला काही मागावंसं वाटलं नव्हतं. जमीन घेऊन ती काय करणार? मग हुझैफा कुवेतची नोकरी सोडून आला, पुढच्या अंगणात चार खोल्या बांधून लॉज काढलं आणि भिंतींवर आपाने, म्हणजे मासूमाने, काढलेले फोटो लावले. पानाच्या कडेवरचा चतुर, कोळ्याचे आठ डोळे, पिल्लाच्या चोचीत अळी देणारा शिंपी पक्षी. पाहुणे विचारायला लागले, "हे कुठे काढलं?" हुझैफा म्हणाला, "इथेच, मागे." झालं. तेव्हापासून शनिवार-रविवारी मागची वाडी तोफखान्यासारख्या लेन्सांनी भरायला लागली आणि मासूमाच्या तोंडात एक वाक्य येऊन बसलं. पाटापलीकडची वाडी मला वेगळी करून दे.

वाक्य लहान होतं, व्याकरणात चूक नव्हती, पण ते माशाच्या काट्यासारखं घशात आडवं व्हायचं. एकदा ती बोलायला गेली तर लाइट गेली आणि हुझैफा जनरेटर चालू करायला पळाला. एकदा त्यानेच आधी तिच्या हातात चहा दिला आणि म्हणाला, "आपा, तुझ्याशिवाय हे काहीच झालं नसतं." यावर माणूस काय बोलणार? एकदा तर तिने "हुझैफा, ते पाटापलीकडचं," एवढं म्हटलंही होतं, आणि तो म्हणाला होता, "हो ना! तिकडे बाक बसवायचाय, मीच तुला विचारणार होतो." बाक बसला. त्यावर पाहुणे बूट ठेवून लेस बांधायचे.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी ती पोचली तेवढ्यात आतून अम्मीचा आवाज आला.

"मासू! अगो मासू! तुझं कोणतरी फ्रिजात येऊन बसलंय!"

अम्मी ओट्यापाशी उभी होती. हातात खवलेल्या नारळाचा डबा. झाकण उघडं, आणि पांढऱ्याशुभ्र खोबऱ्यावर हिरवागार प्रार्थनाकीटक, पुढचे पाय छातीशी जोडून, मान जराशी वाकडी. थंडीने आखडला होता.

"टोळ हाय का काय हा?" अम्मी म्हणाली. "मी चमचा घातला आणि हा माझ्याकडं बघतोय. कालवणाला नारळ नाही आता."

"टोळ नाही, अम्मी. दे इकडे."

"आलो आलो! मावशी, सॉरी, तो माझा आहे!" चपला न काढताच आत धावत आलेला माणूस विपुल होता. उरणकडचा, चाळिशीचा, आडव्या बांध्याचा. आजोबांचं मिठागर होतं, त्याचे न्हावा शेव्याला ट्रेलर चालायचे, आणि त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेला स्वतःची चाकं होती. दर महिन्याला दोन मित्रांना घेऊन यायचा. माणूस वाईट नव्हता; हीच त्याची मोठी अडचण होती. वाईट माणसाला हाकलणं सोपं असतं.

"तू ठेवलास हा इथे?" मासूमाने विचारलं.

"पाच मिनिटांसाठी, मॅडम. थंड केला की एकदम शांत होतो. ऑनलाइन सगळे हेच करतात. मग फुलावर ठेवायचा, स्प्रेने थोडं दव मारायचं, फोटो एक नंबर येतो. विसरलो मी, घावन गरम होते ना."

"तो शांत झालेला नाही, विपुल. त्याला हलता येत नाहीये."

"हां, तेच तर पाहिजे ना मॅडम!"

मासूमाने डोळे मिटले, उघडले. वर्गात एखादा मुलगा अतिशय आत्मविश्वासाने उलटं उत्तर द्यायचा तेव्हा ती हेच करायची. तिने प्रार्थनाकीटक तळहातावर घेतला आणि खिडकीच्या उन्हाच्या पट्ट्यात कुंडीतल्या तुळशीच्या पानावर टेकवला.

"नारळ टाकू का ठेवू, ते आधी सांगा," अम्मी म्हणाली.

"मावशी, धुऊन घेतला तर..."

"खवलेला नारळ धुतात? तुझ्या घरी धुतात?"

याच वेळी हातात रिकामा तवा घेऊन हुझैफा आत आला, हसतमुख, खांद्यावर टॉवेल.

"हुझैफा," मासूमा म्हणाली, "जायफळ तू तोडलंस?"

त्याचा चेहरा उजळला. अगदी खरोखर उजळला. शाबासकीची वाट बघत असल्यासारखा. "बघितलंस? कसं मोकळं झालं! मघाशी, न्याहारीच्या आधीच गेलो. तुझी ती काथ्याची खूण दिसली, म्हटलं आपाचं घरटं ह्याच झाडात असणार. पण पानांत काही दिसेना. फांद्या काढल्या, तरी दिसेना! तूच सांग आता, कुठे आहे नक्की?"

मासूमा बोलायला गेली आणि थांबली. उत्तर सोपं होतं. शेजारच्या झाडावर घरटं आहे, तू त्याची सावली तोडलीस, थोड्या वेळात पिल्लं भाजतील. पण हे सांगायचं तर घरटं कुठे आहे तेही सांगावं लागणार होतं. आणि दारात विपुल उभा होता, कान टवकारून, आणि त्याच्या मागे घावनाचा शेवटचा घास चघळणारे त्याचे दोन मित्र.

"शेडची चावी दे," ती म्हणाली.

"शेडची? कशाला?"

"काथ्या हवाय. हुझैफा, लवकर."

"चावी विपुलभाईंकडे. त्यांचे ट्रायपॉड आहेत ना आत."

सगळ्यांनी विपुलकडे पाहिलं. विपुलने एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग बॅगेचे सगळे कप्पे, आणि त्याच्या बॅगेला माणसाला आयुष्यात लागतील त्याहून जास्त कप्पे होते. "कालच्या पँटमध्ये असेल," तो म्हणाला. कालची पँट दोरीवर वाळत होती. अम्मीने ती कनवाळूपणे धुतली होती. चावी पँटमध्ये नव्हती. चावी शेवटी शेडच्या कुलपालाच लटकत होती.

"बघा, हरवलीच नव्हती," विपुल समाधानाने म्हणाला.

मासूमाने काथ्याचा गुंडा आणि कोयता उचलला आणि निघाली. पाटाजवळ पडलेली माडाची एक ओली झावळी तिने ओढत घेतली. झावळी तिच्या दुप्पट लांब होती आणि पाचोळ्यातून जाताना असा आवाज करत होती की आख्ख्या मुरुडला ऐकू जावा. मागे वळून बघायची गरज नव्हती. पावलं ऐकू येत होती. चाकांची बॅगसुद्धा.

"मॅडम, आम्ही लांबूनच बघतो," विपुल मागून म्हणाला. "काही डिस्टर्ब नाही करत."

ऊन पोचलं होतं.

ते पाणी शिरावं तसं वरून आत शिरलं होतं आणि कोकमाची एकच बाजू त्याने पिवळी केली होती. त्या पिवळ्या डागाच्या मधोमध घरटं. मादी घरट्याच्या काठावर उभी होती, उन्हाकडे पाठ करून, दोन्ही पंख अर्धे उघडून खाली सोडलेले, चोच उघडी. पोटाखालच्या सावलीत पिल्लांची दोन डोकी हलत होती. नर वरच्या फांदीवर टक्‌ टक्‌ करत उड्या मारत होता. नाचरा नाचत नव्हता, घाबरला होता. पण लेन्समधून बघणाऱ्याला हा फरक कळायला लेन्सबाहेरचं काहीतरी माहीत असावं लागतं.

"ओ भाई!" विपुल कुजबुजला, आणि त्याची कुजबुज म्हणजे ट्रेलरचा हॉर्न. "पोज बघ, पोज! पंख बघ कसे उघडलेत! इतकं ओपन लाइट... मॅडम, हे तुम्ही लपवून ठेवलं होतं आमच्यापासून?"

तिन्ही ट्रायपॉडचे पाय खटाखट उघडले.

"ती पोज देत नाहीये," मासूमा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे, म्हणूनच घरात कोणी तो फारसा मनावर घेत नसे. "ती पिल्लांवर सावली धरून उभी आहे. तिला स्वतःला ऊन सोसत नाहीये, म्हणून चोच उघडी आहे. ती उडाली तर पिल्लं मरतील, आणि तुम्ही अजून दोन पावलं पुढे आलात तर ती उडेल. मागे व्हा."

दोघे मित्र मागे झाले. विपुलने डोळा व्ह्यू-फाइंडरवरून काढला, घरट्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, मग परत व्ह्यू-फाइंडरला लावला आणि मग पुन्हा काढला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी ओशाळल्यासारखं झालं.

"मग काय करायचं, मॅडम?"

"ही झावळी धर. त्या जायफळाच्या राहिलेल्या खोडाला टेकवून उभी करायची. घरट्याला लागता कामा नये. सावकाश. मी सांगेन तेव्हाच हलायचं."

निदान उचलायला तो उपयोगी होता. त्याने झावळी अलगद उभी केली, तिने खालचा देठ काथ्याने खोडाला आवळला. मग तोडलेल्या फांद्यांपैकी दोन दाट पानांच्या फांद्या घेऊन तिने त्या झावळीच्या मध्ये अडकवल्या. पिवळा डाग आधी चिरला गेला, मग पट्ट्यापट्ट्यांचा झाला, मग घरट्यावरून सरकला. मादी एकदा उडाली. कोणी श्वास घेतला नाही. नर टक्‌ टक्‌ करायचा थांबला. ती वरच्या फांदीवर बसली, शेपटीचा पंखा उघडला, मिटला, आणि परत येऊन थेट वाटीत बसली. चोच मिटलेली.

मासूमाचे खांदे खाली आले.

"मॅडम," विपुल अगदी हळू म्हणाला, "एक विचारू? झावळी फ्रेममध्ये येतेय. थोडी डावीकडे..."

"विपुल."

"नाही, सहज विचारलं."

पाचोळा वाजला. हुझैफा येत होता, दोन हातांत थंडगार कोकमाच्या सरबताचे पेले, मागे त्याच्या पावलावर पाऊल ठेवत अम्मी. हातात तोच खोबऱ्याचा डबा. कोंबड्या पाटापलीकडे चरत होत्या आणि अम्मीने नारळाचा निकाल लावला होता.

"अरे वा, सापडलं!" हुझैफा म्हणाला. "कोकमावर होतं? आणि खूण जायफळाला? आपा, ही काय पद्धत झाली?"

"हीच पद्धत आहे. खूण घरट्याला करायची नसते."

"मग मला काय माहीत! मी तर घरट्याच्या झाडाला हातसुद्धा लावला नाही. लावलाय का, विपुलभाई? एक पान तोडलं नाही कोकमाचं."

हे खरं होतं. हेच असह्य होतं. गेल्या तीन वर्षांत हुझैफाने जे जे केलं होतं त्यातलं काहीच खोटं नव्हतं. दर वेळी तो घरट्याच्या झाडाला हात न लावता शेजारचं झाड तोडायचा, आणि मग हात पसरून उभा राहायचा: मी काय केलं?

"तू त्याची सावली तोडलीस," ती म्हणाली. "सावली शेजारच्या झाडाची होती."

"बरं, चुकलं. पुढच्या वेळी विचारून तोडेन. सरबत घे, तुझा चेहरा बघ कसा झालाय." त्याने पेला तिच्या हातात कोंबला, दुसरा विपुलला दिला आणि घरट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बघ ना, सगळं ठीकच आहे की. बसलीय ती मजेत. उलट बरं झालं, लोकांना दिसलं तरी."

अम्मीने झावळीकडे पाहिलं, तोडलेल्या जायफळाकडे पाहिलं. "फळ धरलं होतं त्यावर," ती म्हणाली. "तुझ्या अब्बांनी लावलेलं झाड."

"अम्मी, परत फुटेल ते. जायफळ आहे." हुझैफा आता विपुलकडे वळला होता. त्याच्या आवाजात पाहुण्यांशी बोलतानाचा गोडवा आला. "विपुलभाई, तुम्हाला मी म्हटलं होतं ना, पुढच्या हंगामाचं? पाटापासून कुंपणापर्यंत सगळं खालचं झाडोरं साफ करून टाकतो. मध्ये लाकडी मचाण, वर कापड, खाली पंखा. बसल्या जागी सगळं दिसलं पाहिजे. पक्षी इथे, किडे इथे, पाण्याचं एक छोटं कुंड, त्यात पाण्याला येतील ते वेगळे. आपा घरटी शोधून देणार, आपण समोरचं मोकळं करणार. नीट, हिच्या पद्धतीने, विचारून. काय आपा?"

विपुल पेला हातात धरून घरट्याकडे बघत होता.

"आमच्या मिठागरावर," तो मध्येच म्हणाला, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "लहानपणी शेकाटे यायचे. लांब लाल पायांचे. बांधावरच अंडी घालायचे. मग आम्ही बांध रुंद केला, गाडी जायला. बांधालाच हात लावला, फक्त. बाकी मिठागर तसंच होतं." तो थांबला. "मग नाही आले."

"तिकडचं वेगळं, विपुलभाई. इथे आपा आहे ना."

इथे आपा आहे ना. मासूमाने पेला बाकावर ठेवला. बाकावर कोणाच्या तरी बुटाचा सुकलेला चिखल होता. तिला एकाएकी स्वतःचाच भयंकर कंटाळा आला. तीन वर्षं ती योग्य वेळेची वाट बघत होती. एखाद्या विद्यार्थ्याने तीन वर्षं तोच प्रयोग तसाच लावून दर वेळी वेगळ्या निकालाची आशा केली असती तर तिने त्याला काय म्हटलं असतं? ती लाइट येण्याची वाट बघायची, पाहुणे जाण्याची वाट बघायची, हुझैफाचा मूड चांगला असण्याची वाट बघायची. हुझैफाचा मूड कायम चांगलाच असायचा. त्याने तरी काय करावं? तिला ही जागा हवी आहे, हे तिने त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. ती फक्त शेजारच्या झाडाला खूण बांधत राहिली होती.

"आपा? काय विचार करतेस? मचाण कुठे घ्यायचं, तूच दाखव."

"हुझैफा, थांब जरा."

तिच्या आवाजात काही वेगळं असावं, कारण अम्मीने कोंबड्यांना नारळ टाकता टाकता मान वर केली.

"मासू," अम्मी हळूच म्हणाली, "घरातलं घरात. लोक आहेत."

"लोक नसतात तेव्हा हा जनरेटर लावायला जातो, अम्मी."

विपुलला कळलं, आजोबांच्या मिठागराचे वाटे झालेल्या घरातला तो होता. त्याने मित्रांना खूण केली. तिघांनी ट्रायपॉड मिटले, आवाज न करता, आणि चाकांची बॅग या वेळी उचलून घेतली. जाता जाता तो मासूमाजवळ थांबला. "मॅडम, झावळी तशीच राहू दे. संध्याकाळी वारा सुटला तर मी बघून जाईन. कॅमेऱ्याशिवाय."

ते पाट ओलांडून गेले. हुझैफा त्यांच्याकडे बघत राहिला, मग बहिणीकडे वळला. अजून हसत होता, पण हसण्याची कड जराशी सुटली होती. "काय झालं? रागावलीस एवढी? म्हटलं ना चुकलं म्हणून. दोन फांद्यांसाठी..."

"रागावले नाही."

"मग?"

अम्मीच्या हातातला डबा रिकामा झाला होता. तरी तिने तो पालथा करून कोंबड्यांवर झटकला. मासूमाला आंब्याची पेटी आठवली, वरचा थर आणि खालचा पेंढा. अम्मीचं लक्षही बहुतेक तिथेच होतं. कारण तिने डबा छातीशी धरला, लेकाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि या वेळी "घरातलं घरात" असं काही म्हणाली नाही. म्हणाली ते एवढंच, "बोल, बाय. बोलून टाक काय ते."

घरट्यात मादी जराशी उठली, आत वाकली, पुन्हा बसली. झावळीची सावली तिच्या पाठीवर जाळीसारखी पडली होती.

मासूमाने पाटाकडे बोट केलं, अब्बांनी काठी धरली होती त्या जागेकडे.

"हुझैफा, पाटापलीकडची वाडी माझी आहे. ती माझ्या नावावर वेगळी करून दे. मला माझा हिस्सा हवा आहे."